मराठवाड्याचा अनुशेष : मापनपद्धतीचा एक ऐतिहासिक विचार

मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा बहुधा भावनेच्या अंगाने होते. परंतु हे मागासलेपण मोजले कसे गेले, याचाही एक इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा अल्पसा परामर्श घेतला आहे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने समन्यायी वाटपाचे आश्वासन दिले व १९५६ मध्ये घटनेच्या कलम ३७१ (२) ने त्यास घटनात्मक आधार मिळाला. तथापि १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनानंतरही तुटीचा सर्वमान्य आकडा उपलब्ध नव्हता. तो १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये दिला : एकूण अनुशेष ३१८६.७८ कोटी रुपये, पैकी मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, म्हणजे २३.५६ टक्के.

समितीने राज्याची सरासरी हा मापदंड व जिल्हा हे एकक मानले. सरासरीखालील जिल्ह्यांची तूट मोजली. वरच्या जिल्ह्यांचे आधिक्य त्यातून वजा केले नाही. त्यामुळेच उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्यासही ३७.३२ टक्के अनुशेष आला. आपल्याकडे हे अनेकांना खटकले. पण कोकणातील मागास जिल्ह्याला पुण्याच्या समृद्धीची शिक्षा का व्हावी, या प्रश्नाला उत्तर देणे कठीण आहे. सिंचनाचे मापन अधिक सूक्ष्म होते. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर ज्वारी यांस सारखे पाणी लागत नाही, म्हणून सर्व सिंचनक्षेत्र रब्बी ज्वारीच्या परिमाणात रूपांतरित करण्यात आले.

खरी अडचण सरासरीतच आहे. दोन जिल्ह्यांत अनुक्रमे १० व ३० एकके सुविधा असल्यास सरासरी २० व तूट १० येते. ती भरून काढताच सरासरी २५ होते आणि ५ एककांची नवी तूट उभी राहते. शिवाय त्या काळात पुढारलेला जिल्हाही थांबत नाही.

१९९७ च्या निर्देशांक व अनुशेष समितीच्या अहवालात १ एप्रिल १९९४ रोजीचा एकूण अनुशेष १४००६.७७ कोटी, तर मराठवाड्याचा ४००४.५५ कोटी दाखविला आहे. किंमतपातळी बदलल्याने या रकमांची थेट तुलना योग्य नाही. मात्र मराठवाड्याचा हिस्सा २८.५९ टक्क्यांवर गेला, हे नजरेआड करता येत नाही.

डॉ. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक सुचविले. जिल्ह्याच्या सरासरीत झाकले जाणारे कोरडवाहू तालुके त्यामुळे प्रथमच गणनेत येऊ शकले असते. परंतु अहवालावर विधिमंडळात वाद झाले आणि ३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांचीच मुदत संपली.