रक्तदानाचा फॉर्म इतिहासाचा कागद म्हणून वाचताना

जालन्यात जयंत्या जवळ आल्या की रक्तदान शिबिरांचे बॅनर लागतात आणि कॉलेजातली मुलं एकच प्रश्न विचारतात: मला देता येईल का? उत्तर सोपं आहे. वय १८ ते ६५ (पहिल्यांदाच देत असाल तर ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत ९०, स्त्रियांच्या बाबतीत १२० दिवस झालेले. संशोधनाकडे वळणाऱ्याने मात्र पुढे विचारावं: ही अट आली कुठून?

काही अटी सरळ शरीरशास्त्रातून आल्यात. किलोमागे साधारण ७० मिली रक्त धरलं, तर ४५ किलोच्या माणसात ते जेमतेम सव्वातीन लिटर भरतं. म्हणून त्याच्याकडून ३५० मिलीच घेतात. ४५० मिलीसाठी वजन ५५ किलोच्या वर लागतं. गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, लोहाला महिने लागतात. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास धरून शिबिराला जाऊ नका, हेही त्यातलंच. नीट झोप, आधी जेवण, भरपूर पाणी. पुण्य दुसऱ्या दिवशी कमवा.

काही अटींमागे मात्र बाजार आहे. आपल्याकडे एकेकाळी रक्त सर्रास विकलं जायचं. १९९० च्या एका पाहणीत देशातल्या १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ बिनपरवाना निघाल्या. पैशाची गरज असलेला माणूस आपली कावीळ सांगेल कशाला? एचआयव्हीची चाचणी १९८९ पासून सक्तीची होती, पण संसर्ग नवा असला की सुरुवातीचे काही दिवस तो चाचणीत सापडतच नाही. तेव्हा दात्याचं खरं उत्तर हाच पहिला अडसर, आणि पैसा नेमका तिथेच घुसतो. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: रक्त विकणारे दाते दोन वर्षांत बंद करा. १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले, निदान कायद्याने. ‘बदली रक्त आणा’ म्हणून नातेवाइकांची धावपळ त्यानंतरही सुरूच राहिली, आणि त्या धावपळीत पैसे घेऊन नातेवाईक बनणाराही शिरू शकतो.

तिसऱ्या प्रकारच्या अटी मला सगळ्यात अवघड वाटतात. गोंदवून घेतलं तर एक वर्ष थांबा, हे एका कृतीबद्दल आहे. पण २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी तृतीयपंथी, समलिंगी पुरुष आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना गट म्हणूनच वगळलं. सरकारचा आधार संसर्गाच्या प्रमाणाचा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेचा आक्षेप असा की, ओळख म्हणजे वर्तन नव्हे. आकडा गटाचा असतो, फॉर्म एकटा माणूस भरतो. ब्रिटनने २०२१ मध्येच हा प्रश्न प्रत्येक दात्याच्या अलीकडच्या वर्तनाबद्दल, सगळ्यांना सारखाच विचारायला सुरुवात केली.