मधला कप्पा

म्हैसूरला माझ्या घरी मराठी पुस्तकांचं एक जुनं कपाट आहे. गेल्या मे महिन्यात पंधरा वर्षांची भाची त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मावशी, यात माझ्या वयाचं काय आहे?’’ ती घरी मराठी बोलते, शाळेत कन्नड आणि इंग्रजी. तिच्या वयासाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या ती एकामागून एक संपवते. मी खालच्या कप्प्यातला ‘फास्टर फेणे’ काढला. तो तिचा दहाव्या वर्षीच वाचून झाला होता. वरच्या कप्प्यातली ‘कोसला’ दिली. चार पानं चाळून तिने ती परत ठेवली. दोन कप्प्यांच्या मधे द्यावं असं काही मला सापडेना. हा मधला कप्पा मराठीत रिकामा का राहिला, याला एक इतिहास आहे.

मुलांसाठी लिहिणं मराठीत उशिरा सुरू झालं, असं म्हणता येत नाही. वा. गो. आपटे यांचं ‘आनंद’ मासिक १९०६ सालचं. पण मुलांच्या हातात काय द्यायचं हे प्रथमपासून मोठ्यांनी ठरवलं. १९३३ हे वर्ष पाहा. त्या वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्याच वर्षी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. एकात आईच्या संस्कारांनी घडणारा मुलगा. दुसऱ्यात शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातली घुसमट. पहिलं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मुलांना बक्षीस म्हणून दिलं गेलं. दुसऱ्यावर गदारोळ उठला आणि ही लेखिका कोण याची चर्चा रंगली. सोळा वर्षांच्या मुलीला ते कुणी समारंभात बक्षीस देणं शक्यच नव्हतं. जिला वाचायचं होतं तिने ते शोधून, कदाचित लपवून वाचलं असणार. मराठीतल्या किशोरवाचनाचे हे दोन रस्ते मला तेव्हापासून वेगळे झालेले दिसतात: एक दिलेल्या पुस्तकांचा, दुसरा सापडलेल्या पुस्तकांचा.

दिलेल्या पुस्तकांच्या रस्त्यावर सर्वांत मोकळा वारा आणला तो भा. रा. भागवतांनी. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणारे भागवत स्वतः उत्तम अनुवादक होते. परक्या गोष्टीला घरचा वेग कसा द्यायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर वाऱ्यासारखा जाणारा. तो उपदेश ऐकायला थांबत नाही. मात्र वीस पुस्तकं झाली तरी त्याचा आवाज फुटत नाही. संकटं येतात ती बाहेरून: चोर, भामटे, हेर. स्वतःच्याच शरीराचं आणि मनाचं कोडं पडावं, असं वय त्याला कधी येत नाही. १९७१ साली ‘बालभारती’ने ‘किशोर’ मासिक सुरू केलं आणि शाळकरी मुलांपर्यंत चांगलं लेखन पोहोचवलं. पण तो वाचकही आठवी-नववीपर्यंतचाच.

अमेरिकेत याच सुमारास वेगळं घडत होतं. १९६७ साली एस. ई. हिंटन या अठरा वर्षांच्या मुलीची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी आली आणि ती त्याच वयाच्या मुलांनी उचलून धरली. तिथे सार्वजनिक ग्रंथालयांतून या वयाच्या वाचकांसाठी वेगळी दालनं होती. मुलगा स्वतः जाऊन पुस्तक निवडू शकत होता. आपल्याकडे पुस्तक विकत घेणार पालक, आणि दहावीच्या वर्षी पालक घेतात ते गाइड. आजही साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार पाहिले तर हीच फट दिसते. बालसाहित्य पुरस्कार आहे. २०२२ साली संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला आणि २०२४ साली भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला, म्हणजे दोन कादंबऱ्यांना, तो मिळाला. युवा पुरस्कारही आहे, पण तो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना. पहिल्यात वय वाचकाचं धरलं आहे, दुसऱ्यात लेखकाचं. खास पंधरा वर्षांच्या वाचकाचा वेगळा विचार दोन्हींत नाही.

शेवटी भाचीला मी दिलं ते सापडणाऱ्यांपैकी एक: प्रकाश नारायण संत यांचं ‘वनवास’. १९९४ साली मौजेने ते काढलं ते मोठ्या वाचकांसाठी. त्यातला लंपन आई-वडिलांपासून दूर, बेळगावकडच्या मुलखात आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं आहे. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुढच्या पुस्तकांतून तो वाढत जातो. फेणेला जे मिळालं नाही ते वाढणं त्याला मिळतं. आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ मला त्याची थोरली बहीण वाटते. नारायण म्हैसूरचे, त्यांचं यादवगिरीतलं घर आता संग्रहालय आहे. १९३५ साली लंडनमध्ये छापलेली ती कादंबरीही मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती. मुलांनी ती आपली केली.

लंपनची काही पानं मी कन्नडमध्ये करून पाहिली आणि अडले. मराठीत जे शब्द पाहुणे म्हणून येतात, ते कन्नडमध्ये घरचेच होऊन दिसेनासे होतात. मग मी उलट केलं: काही मराठी शब्द कन्नड वाक्यात तसेच ठेवले. ती पानं भाचीने वाचली आणि म्हणाली, ‘‘हा आपल्यासारखंच बोलतो की!’’ तिच्यासाठी ती सीमाभागाची बोली नव्हती. आमच्या जेवणाच्या टेबलावरची होती.

महाराष्ट्राबाहेरच्या घरांत मराठी तुटते ती याच वयात. लहानपणी आई-आजी वाचून दाखवतात, विशी-पंचविशीनंतर एखादा ओढीने परत येतो. मधल्या वर्षांत मुलाला स्वतःबद्दलचे प्रश्न पडतात. ते ज्या भाषेतल्या पुस्तकांत भेटतील, त्या भाषेत तो विचार करू लागतो. म्हणून नव्या किशोर कादंबऱ्यांची वाट मी घाईने पाहते आहे. मुखपृष्ठावर वयोगट छापला म्हणजे काम झालं असं नाही. त्या दिलेल्या असूनही सापडल्यासारख्या वाटायला हव्यात.

‘झुंबर’ संपवून भाचीने परवा फोन केला. ‘‘लंपनसारखी मुलगी कुठल्या पुस्तकात आहे?’’ तिने विचारलं. मी अजून कपाट शोधते आहे.