गर्भपिशवी वाचवणारी शस्त्रक्रिया

अॅडेनोमायोसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी लगतच्या स्नायूच्या भिंतीत शिरतात. भिंत जाड होते, पिशवी फुगते, पाळीत अंगावरून फार जाते आणि ओटीपोटात असह्य कळा येतात. भिंतीतल्या अशा ग्रंथींचे वर्णन व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० साली केले. या ग्रंथी अस्तरातूनच खाली उतरतात, हे बाल्टिमोरच्या थॉमस कलन यांनी १९०८ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. आजचे नाव ऑस्कर फ्रांक्ल यांनी १९२५ मध्ये रूढ केले.

उपाय मात्र बराच काळ एकच होता : पिशवी काढणे. तोही सहज हाती आलेला नव्हता. मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी १८४३ मध्ये पोट उघडून गर्भाशय काढले, पण ती स्त्री वाचली नाही. १८५३ मध्ये अमेरिकेतील लोवेल येथे वॉल्टर बर्नहॅम यांची रुग्ण बचावली. त्यांनी पोट उघडले होते ते अंडाशयाची गाठ समजून. पुढे भूल आणि जंतुविरहित शस्त्रक्रिया रुळल्यावर हा धोका कमी झाला.

खरी अडचण निदानाची होती. काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच आजाराची खात्री पटे. म्हणजे आजार ओळखायलाही अवयव गमवावा लागे. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीसाठी ही फार मोठी किंमत होती. सोनोग्राफी आणि एमआरआयमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस ही कोंडी फुटली.

पिशवी राखून फक्त रोगट भाग काढण्याची पद्धत न्यूयॉर्कमधील एका वैद्यकीय नियतकालिकात १९५२ मध्येच मांडली गेली होती. ती अवघड आहे. फायब्रॉइडच्या गाठीला आवरणासारखी कड असते, त्यामुळे ती सोलून निघते. अॅडेनोमायोसिसला अशी कड नसते. रोग कुठे संपतो आणि निरोगी स्नायू कुठे सुरू होतो, हे शल्यविशारदाला बोटांच्या स्पर्शानेच ठरवावे लागते. जास्त कापले तर भिंत दुबळी, कमी कापले तर त्रास परत. १९८१ पासून लेसरने अस्तर जाळण्याचा मार्ग आला. त्याने रक्तस्राव आटोक्यात येतो, पण खोल रुतलेल्या ग्रंथी तशाच राहतात आणि दुखणे पुन्हा उद्भवू शकते. १९८८ मध्ये हॅरी राइख यांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढून दाखवले. त्याने पोटावरची जखम लहान झाली, पण पिशवी जायची ती गेलीच.

या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर टोकियोत हिसाओ ओसादा यांनी दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत गर्भाशय मधोमध उभे चिरून पोकळीपर्यंत उघडतात आणि आत तर्जनी घालून जाडीचा अंदाज घेतात. आतून अस्तरालगत आणि बाहेरून आवरणालगत सुमारे एक सेंटिमीटर स्नायू ठेवून मधला रोगट भाग काढतात. मग अस्तर शिवून उरलेल्या स्नायूंचे पदर एकावर एक असे बसवतात की टाक्यांच्या रेषा एकावर एक येत नाहीत. भिंतीची ताकद त्यातच आहे. अशा शस्त्रक्रियांनंतर काही स्त्रियांना मूलही झाले.

तरीही शिवलेली पिशवी गरोदरपणात फाटण्याचा धोका असतो, म्हणून बाळंतपण सहसा सिझेरियनने करतात. रोग कायमचा जाण्याची खात्री आजही फक्त गर्भाशय काढण्यातच आहे.