मुक्त संमती आणि कर्जरोखा : १८७५ च्या दख्खन दंग्यांच्या संदर्भात करार कायद्याच्या एका मूलतत्त्वाचा विचार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना करार कायदा शिकविताना कलम १० पासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. करारक्षम व्यक्तींनी मुक्त संमतीने, कायदेशीर प्रतिफलासाठी व कायदेशीर उद्दिष्टाने केलेला ठराव म्हणजे करार, हे विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत लिहितात. यांपैकी ‘मुक्त संमती’ या घटकाचे विवेचन बहुधा इंग्लंडमधील खटल्यांच्या आधारे केले जाते. वस्तुतः भारतीय करार अधिनियम १ सप्टेंबर १८७२ रोजी अंमलात आल्यानंतर तीन वर्षांच्या आतच या तत्त्वाची कसोटी महाराष्ट्राच्या भूमीवर लागली होती. प्रस्तुत लेखात त्या घटनाक्रमाचा करार कायद्याच्या दृष्टीने विचार केला आहे.

या अधिनियमापूर्वीच दोन कायद्यांनी पार्श्वभूमी तयार केली होती. १८५५ च्या कायद्याने व्याजाच्या कमाल दरावरील निर्बंध रद्द झाले आणि व्याज किती असावे हा केवळ उभयतांच्या ठरावाचा विषय बनला. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली. कर्ज वर्षानुवर्षे साचत राहू नये, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात उलट घडले. मुदत संपत आली की सावकार जुने खत फाडून नवे लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून दाखल होई.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज आणि मधल्या काळात काहीही परतफेड नाही, असे मानू. सरळ व्याजाने नऊ वर्षांनी देणे ३१६ रुपये होते. दर तीन वर्षांनी खत बदलल्यास तेच देणे अनुक्रमे १७२, सुमारे २९६ व सुमारे ५०९ रुपयांवर जाते. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, असा हिंदू विधीतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात मान्य होता. परंतु नव्या ठरावाने मुद्दलात मिळविलेले व्याज मुद्दलच समजले जात असल्याने तोही निष्प्रभ ठरे. नव्या खताने जुने देणे संपते, हे तत्त्व करार अधिनियमाच्या कलम ६२ मध्ये आहे. व्यापाऱ्यांच्या परस्पर व्यवहारात ते अत्यंत सोयीचे आहे. निरक्षर कुणब्याच्या बाबतीत मात्र त्यानेच मूळ व्यवहाराचा माग पुसला जाई. अंगठा कुणब्याचाच असे आणि खताचा लेखक, वाचक व हिशेबनीस सावकाराच्या बाजूचा असे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला चढा भाव मिळाला व कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले आणि पाठोपाठ काही तालुक्यांत वाढीव सारा आला. सावकारांनी हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमलेल्या रयतेने सावकारांच्या दुकानांवर चाल करून वह्या व खते हस्तगत केली आणि जाळली. हे लोण अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात पसरले. या दंग्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. न्यायालयात कागदच बोलतो, हे रयतेने अनुभवाने ओळखले होते. पुष्कळसे दावे प्रतिवादीच्या गैरहजेरीतच निकालात निघत.

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम आला. तो प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. न्यायालयाने खतावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत, आणि मधल्या काळात पुरे झाल्याचे दाखविलेले हिशेब वा नवी खते यांचे बंधन मानू नये, असे त्यात सांगितले होते. म्हणजे कलम ६२ चे तत्त्व शेतकऱ्यापुरते बाजूला ठेवले गेले. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखतच करून घेण्याची वाट काढली, हे खरे. तरीही ‘सही आहे म्हणजे संमती आहे’ या गृहीतकाला कायद्याने प्रथमच इतका स्पष्ट छेद दिला, हे त्याचे महत्त्व मला अधिक वाटते.

१८९९ मध्ये मूळ करार अधिनियमाचे कलम १६ बदलले गेले. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार सकृद्दर्शनी अन्यायकारक दिसत असेल, तर अनुचित प्रभाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार त्या वर्चस्व असलेल्या पक्षावर आला. या कलमाखालील दोन उदाहरणे वर्गात शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एकात गावच्या सावकाराचा आधीच ऋणी असलेला माणूस जाचक अटींवर पुन्हा कर्ज घेतो. येथे भार सावकारावर आहे. दुसऱ्यात पैशाच्या टंचाईच्या काळात बँक असाधारण दराने कर्ज देते. हा नित्याचा व्यापारी व्यवहार असून अनुचित प्रभाव नाही. दर दोन्हीकडे जबर आहे. भेद आहे तो पहिल्या ऋणकोच्या मानेवर आधीच असलेल्या जुन्या देण्याचा. पाठ्यपुस्तके कलम देतात आणि उदाहरणे गाळतात, ही खेदाची बाब आहे.

मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. गोदावरीपलीकडच्या नगर जिल्ह्यात हे सर्व घडत असताना पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्याला हा कायदा लागू नव्हता. १८७२ चा अधिनियम येथे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला. आज आपल्या विद्यार्थ्यासमोर खताऐवजी छापील किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील अर्ज असतो आणि त्यातील एकही अट त्याला बदलता येत नाही. १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असमान बळाच्या पक्षांतील अन्यायकारक अट कलम २३ खाली, लोकधोरणाविरुद्ध म्हणून, शून्य ठरविली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आली व तशा अटी रद्द ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगाला मिळाला. जिल्हा आयोगाला मात्र तो दिलेला नाही.