सहीच्या भरवशावर उडी

बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडताना दिसली, की मला पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. १८ एप्रिल २००४ ला त्यांनी थेट उत्तर ध्रुवावर उडी मारली, तीही आयुष्यातली पहिलीच!

स्कायडायव्हरच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात: मुख्य आणि राखीव. राखीव पॅराशूट तपासून, घडी घालून सीलबंद करतो तो रिगर. उडी मारणारा ते उघडून बघत नाही. तो फक्त कार्ड बघतो: घडी कधी, कुठे घातली, सही कुणाची.

अमेरिकेत या घडीची मुदत आधी १२० दिवस होती, २००८ च्या शेवटी ती १८० झाली. मुदत संपली की न वापरलेलं पॅराशूटही पुन्हा उघडून तपासायचं.

आम्ही कोडवाले ‘नोंद नंतर करू’ म्हणतो. रिगरला तसं म्हणून चालत नाही. त्याच्या सहीवर कुणीतरी जीव टाकणार असतं.