आमच्या कथेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नका

दलित लेखकाची कथा वाचून झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे खरंच घडलं का? तुमच्या बाबतीत घडलं का?" इतरांच्या कथेला असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्यांच्याकडे प्रतिभा असते, कल्पनाशक्ती असते. आमच्याकडे मात्र फक्त 'अनुभव' असतो!

प्रश्न सहानुभूतीचा वाटतो, पण त्याच्या पोटात जुनीच वर्णव्यवस्था आहे. निर्मिती त्यांनी करायची, वेदना आम्ही पुरवायची. जात ही श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. साहित्यातही तीच विभागणी चालू आहे.

इतिहास काय सांगतो? दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि दलित साहित्य म्हणजे आत्मकथन असे समीकरण रूढ झाले. पण त्याआधी कितीतरी वर्षे आमचे लेखक कथा रचत होते. बाबासाहेबांच्या 'जनता' पत्रातून बंधुमाधवांच्या कथा येत होत्या.

अण्णाभाऊ साठे घ्या. १९२० साली वाटेगावात जन्म, शाळा नावापुरती, पुढे मुंबईत गिरणीची नोकरी आणि घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी. त्या झोपडीत राहून हा माणूस पोवाडे, वग, कथा आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहितो. केवळ दुःख सांगायचे असते तर एक अर्ज पुरला असता. सांगण्याची ओढ असल्याशिवाय एवढे लिहून होत नाही. १९५९ च्या 'फकिरा'तले बंड त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, आपल्या माणसांकडून ऐकलेले होते. ऐकलेल्यातून त्यांनी नायक घडवला आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा पाहा. खाण बंद पडते, म्हणून भीमा प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो. त्या धंद्यात तो बोटे गमावतो. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू होते! हा शेवट म्हणजे पोलिसातला जबाब नव्हे. बेकारी माणसाचे काय करते, हे एका फटक्यात दाखवण्यासाठी कथाकाराने केलेली ती रचना आहे.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात लपवून खोली घेतो. त्याचे गुपित वाचकाला माहीत आहे, भोवतालच्या माणसांना नाही. त्यामुळे साधी विचारपूससुद्धा वाचताना अंगावर येते. ही भीती नुसत्या अनुभवातून कागदावर उतरत नाही. आधी काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, हे कळावे लागते. त्यालाच कला म्हणतात.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. आम्ही कार्यकर्ते तरी वेगळे वागतो का? वस्तीतल्या वाचनवर्गात एखाद्या मुलीने गोष्ट लिहून आणली की आम्ही म्हणतो, "छान आहे, पण यात बाबासाहेबांचा विचार कुठे आहे?" आम्हाला भाषण हवे असते, घोषणा हवी असते. गोष्ट हा आम्हाला फावल्या वेळेचा उद्योग वाटतो. अशाने त्या मुलीची दुसरी गोष्ट येतच नाही. हा दोष समीक्षकांचा नाही, आमचा आहे.

ज्या धम्माचे आपण उपासक आहोत, त्याने गोष्टीला कधी हलके मानले नाही. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवर त्याच जातककथा रंगल्या आहेत. धम्म प्रवचनातून पसरला, तसा गोष्टीतूनही पसरला.

अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही. आत्मकथनांनी मराठी साहित्याचा पायाच हलवला. पण कल्पना करण्याचा अधिकार हाही माणूसपणाचाच अधिकार आहे. जे जगलो ते सांगूच. पण जे जगलो नाही, जे जगायचे आहे, जे कुणीच अजून पाहिले नाही, तेही रचू. भूत, प्रेम, विनोद, रहस्य, अंतराळ, सगळे आपले आहे.

तेव्हा मित्रांनो, लिहा. आणि कुणी विचारले, "हे खरंच घडलं का?" तर बेधडक सांगा : नाही, हे मी रचले आहे.

जयभीम!