दूरचित्रवाणीवरील बक्षिसांचे खेळ : नियम, पायऱ्या आणि आठवणी

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा आणि बक्षिसांचे खेळ यांचा विषय निघाला की जुने प्रेक्षक दोन गोष्टींबद्दल हमखास बोलू लागतात. कोणत्या पायरीवर किती रक्कम होती आणि उत्तर चुकल्यास किती रक्कम हातातून जात असे. कलाकारांची नावे विसरली जातात, मालिकांची कथानके एकमेकांत मिसळतात, परंतु खेळाचा नियम मात्र स्मरणात राहतो. याचे कारण असे की नियम हा प्रेक्षकालाही लागू होता. घरी बसून तोही मनातल्या मनात उत्तर देत असे, थांबायचे की पुढे जायचे हे ठरवीत असे.

भारतात या खेळांचा आरंभ पैशाने झाला नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी साबिरा मर्चंट यांचा 'व्हॉट्स द गुड वर्ड' हा इंग्रजी शब्दखेळ तेथून प्रसारित होऊ लागला. हा कार्यक्रम 1987 पर्यंत चालला. 1972 मध्येच सुरू झालेली बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा प्रथम शहराशहरांत, मग रेडिओवर आणि 1990 च्या दशकात दूरचित्रवाणीवर गेली. हमीद सयानी आणि त्यांच्या पश्चात अमीन सयानी यांचा आवाज तिच्याशी जोडला गेला. पडद्यावर डेरेक ओब्रायन आले. 1985 मध्ये दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रसारणावर सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' सुरू झाला. महाविद्यालयांचे संघ, शांत सूत्रसंचालन आणि इंग्रजी भाषा असे त्याचे रूप होते. या साऱ्या कार्यक्रमांत मान हेच मुख्य पारितोषिक होते. 1998 मध्ये बीबीसी वर्ल्डवर आलेल्या 'मास्टरमाइंड इंडिया'तही काळ्या खुर्चीत बसण्याचे आकर्षण रकमेपेक्षा मोठे होते. अर्थात इंग्रजी येणाऱ्या, महानगरांतील विद्यार्थ्यांपुरतेच हे वर्तुळ मर्यादित राहिले, हेही नोंदवले पाहिजे.

हिंदीतील खेळांना मोकळीक मिळाली ती ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाल्यानंतर. मोहन कपूर यांच्या 'सांप सीढी'ने घरातला सापशिडीचा पट थेट स्टुडिओत आणला. 'तोल मोल के बोल'मध्ये वस्तूची किंमत ओळखावयाची असे; बाजारात रोज जाणाऱ्या गृहिणीचे ज्ञान तेथे पदवीधराच्या ज्ञानाइतकेच उपयोगी होते. 1993 पासूनच्या 'अंताक्षरी'ने तर पाठांतराला स्पर्धेचे रूप दिले. अन्नू कपूर यांच्यासमवेत रेणुका शहाणे आणि पुढे पल्लवी जोशी या मराठी अभिनेत्री तेथे सूत्रसंचालन करीत. दीवाने, परवाने आणि मस्ताने ही तीन संघांची नावे आजही अनेकांना पाठ आहेत. सहलीच्या बसमधील भेंड्यांना गुणफलक आणि फेऱ्या मिळाल्या, एवढाच काय तो फरक. पण त्या गुणफलकामुळे गाणे अर्धवट आठवणे ही हार ठरू लागली.

पंधरा प्रश्नांची शिडी

खरा बदल 3 जुलै 2000 रोजी झाला. त्या दिवशी स्टार प्लस वाहिनीवर रात्री नऊ वाजता 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले. (त्याच रात्री त्याच वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिकाही सुरू झाली, एका वाहिनीचे भवितव्य एका रात्रीत बदलण्याची अशी उदाहरणे थोडीच.) मूळ कार्यक्रम ब्रिटनमधील 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' हा असून तो आयटीव्ही वाहिनीवर 4 सप्टेंबर 1998 रोजी प्रथम दाखविण्यात आला होता. अमिताभ बच्चन यांचे सूत्रसंचालन आणि सिद्धार्थ बसू यांची निर्मिती यांमुळे त्याला भारतीय रूप लाभले.

पहिल्या पर्वाचे नियम साधे होते. दहा स्पर्धकांसमोर चार पर्याय येत आणि ते योग्य क्रमाने सर्वांत आधी लावणारा मुख्य खुर्चीवर बसे. त्यानंतर पंधरा प्रश्न. रकमा अशा : 1,000, 2,000, 3,000, 5,000, 10,000, 20,000, 40,000, 80,000, 1,60,000, 3,20,000, 6,40,000, 12,50,000, 25 लाख, 50 लाख आणि 1 कोटी रुपये. प्रत्येक पायरीला रक्कम दुप्पट होत असे, असे अनेक जण सांगतात. ते संपूर्णपणे खरे नाही. पहिल्या पाच पायऱ्यांत चढ वेगळा होता आणि 6,40,000 नंतर 12,80,000 ऐवजी 12,50,000 ठेवल्यामुळे पुढची गणती नेमकी एक कोटीवर येऊन थांबत असे.

पाचवा आणि दहावा प्रश्न हे दोन पडाव होते. पडाव गाठला की तेवढी रक्कम निश्चित. त्यापुढे चुकल्यास स्पर्धक त्या पडावावर परत येई. हाच नियम या खेळाचा प्राण होता. सहावा आणि अकरावा प्रश्न त्यामुळे एक प्रकारे फुकटचे होते. चुकले तरी हाती असलेले काहीच जात नसे. उलट पंधराव्या प्रश्नाला 50 लाख हातात असत. बरोबर उत्तराला एक कोटी, चुकीच्या उत्तराला 3,20,000. म्हणजे मिळविण्यासारखे 50 लाख आणि गमावण्यासारखे 46,80,000. गणिताने पाहिले तर उत्तर बरोबर असण्याची शक्यता सुमारे 48 टक्क्यांहून अधिक असेल तरच पुढे जाणे हिताचे. परंतु ज्याच्या घरात 50 लाख रुपये कधी एकत्र आलेले नाहीत, त्याने या सरासरीवर विसंबून राहावे काय? बहुतेकांनी तेथे थांबणे पसंत केले आणि त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

अडलेल्या स्पर्धकाला तीन जीवनरेखा होत्या : दोन चुकीचे पर्याय वगळणे, मित्राला दूरध्वनी आणि प्रेक्षकांचा कौल. दूरध्वनीवर तीस सेकंद मिळत आणि त्यांतील काही सेकंद प्रश्न व पर्याय वाचण्यातच जात. अमेरिकेत नोव्हेंबर 1999 मध्ये पहिला दशलक्षाधीश ठरलेल्या जॉन कारपेंटर यांनी शेवटच्या प्रश्नाला वडिलांना दूरध्वनी केला तो मदतीसाठी नव्हे. आपण जिंकणार आहोत हे कळविण्यासाठी. भारतात 2005 मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वात प्रश्न बदलून घेण्याची मुभा जोडली गेली आणि सर्वोच्च रक्कम दोन कोटी झाली. पुढील पर्वांत घड्याळ आले. पहिल्या पर्वातील स्पर्धक हवा तेवढा वेळ विचार करू शकत असे. ती लांबलेली शांतता आणि त्यानंतरचे 'लॉक किया जाए' ही त्या काळाची ओळख होती. घड्याळामुळे खेळ वेगवान झाला, पण ती ओळख मात्र पुसट झाली, हे जुन्या रसिकांचे म्हणणे मान्य करावे लागते.

पहिले करोडपती ठरले ते मुंबईचे हर्षवर्धन नवाथे. ऑक्टोबर 2000 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, नागरी सेवा परीक्षेची तयारी करीत असताना त्यांनी पंधरा प्रश्न पूर्ण केले. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते, अशा आशयाचा शेवटचा प्रश्न होता आणि महान्यायवादी हे त्याचे उत्तर. ब्रिटनमध्ये मूळ कार्यक्रमाचा पहिला सर्वोच्च विजय जुडिथ केपेल यांनी नोव्हेंबर 2000 मध्ये मिळविला. म्हणजे जन्मस्थानाच्या आधी भारतात शिडी पूर्ण झाली होती. 2011 मध्ये बिहारचे सुशील कुमार पाच कोटी रुपये जिंकणारे पहिले स्पर्धक ठरले. 2014 मध्ये दिल्लीच्या नरुला बंधूंनी सात कोटी जिंकले. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातील, शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी मिळविले. 1985 च्या संघांकडे पाहता हे अंतर किती मोठे आहे, ते सहज लक्षात येते.

यशाचे अनुकरण लगेच झाले. झी टीव्हीने ऑक्टोबर 2000 मध्ये 'सवाल दस करोड का' आणले. अनुपम खेर आणि मनीषा कोईराला सूत्रसंचालक होते. रक्कम दहापट, प्रतिसाद मात्र अत्यल्प. सोनीवर 2001 मध्ये गोविंदा 'जीतो छप्पर फाड के' घेऊन आले. रक्कम वाढविल्याने उत्कंठा वाढत नाही, हे तेव्हा महागात शिकावे लागले. दक्षिणेत सन टीव्हीवर शरत कुमार यांचा तमिळ 'कोडीश्वरन' त्याच वर्षी, 2000 मध्ये आला. मराठीत ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांनी 2013 मध्ये 'कोण होईल मराठी करोडपती' सादर केले, तर सोनी मराठीवर 2019 मध्ये ही धुरा नागराज मंजुळे यांच्याकडे होती.

तीन दारे आणि एक कमजोर कडी

2001 मध्ये स्टार प्लसवर आलेला अमन वर्मा यांचा 'खुल जा सिम सिम' ज्ञानावर नव्हे, निवडीवर चालत असे. हातातले बक्षीस ठेवावयाचे की बंद दारामागचे घ्यावयाचे? दारामागे मोटार असे किंवा एखादी निरुपयोगी वस्तू. हा खेळ अमेरिकेतील 1963 पासूनच्या 'लेट्स मेक अ डील'चा वंशज. त्याचे सूत्रसंचालक मॉन्टी हॉल यांचे नाव गणितातील एका कोड्याला मिळाले आहे. तीन दारांपैकी एक निवडले, सूत्रसंचालकाने उरलेल्यांपैकी एक रिकामे दार उघडून दाखविले, तर निवड बदलावी की नाही? सूत्रसंचालकाला आतले माहीत असेल आणि तो नेहमीच रिकामे दार उघडून बदलाची संधी देत असेल, तर बदल करणाऱ्याला तीनपैकी दोन वेळा मोटार मिळते. स्टीव्ह सेल्विन यांनी 1975 मध्ये हे कोडे मांडले. 1990 मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात हेच उत्तर दिले तेव्हा गणिताच्या प्राध्यापकांनीही त्यांना चूक ठरविले होते. अर्थात प्रत्यक्ष कार्यक्रमात सूत्रसंचालकावर तसे बंधन नसे आणि त्यामुळे पाठ्यपुस्तकातील उत्तर तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

नीना गुप्ता यांचा 'कमजोर कडी कौन' हा ब्रिटनच्या 'द वीकेस्ट लिंक'चा अवतार. सलग बरोबर उत्तरांनी रक्कम वाढे. एक चूक झाली की साखळी तुटे आणि जमा न केलेली रक्कम नाहीशी होई. फेरीअखेर मतदानाने एक जण बाहेर. आरंभी दुबळ्याला काढणे हिताचे, पण शेवटाकडे सर्वांत हुशार स्पर्धकालाच इतरांनी घालवावे, अशी त्या नियमाची रचना होती. भारतीय प्रेक्षकांना सूत्रसंचालिकेचा कठोर स्वर फारसा रुचला नाही. स्पर्धकाला पाणी विचारणाऱ्या यजमानाची सवय तोवर झाली होती.

बक्षिसाची खरी किंमत

जाहीर झालेली रक्कम आणि हाती पडलेली रक्कम यांत अंतर असे. 2001 च्या वित्त कायद्याने दूरचित्रवाणीवरील खेळांतील कमाईचा उल्लेख प्राप्तिकराच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत केला. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील 115 बीबी या कलमानुसार अशा कमाईवर 30 टक्के दराने कर आणि त्यावर अधिभार व उपकर बसे. खर्चाची वजावट मिळत नसे. बक्षीस वस्तुरूपात असेल तर ती देण्यापूर्वी कर भरला जाणे आवश्यक होते. त्यामुळे मोटार जिंकलेल्या कुटुंबाला किल्लीआधी कराच्या पैशांची जुळवाजुळव करावी लागे, हे पडद्यावर कधी दिसले नाही.

नियमांचा काटेकोरपणाही उगाच आलेला नाही. अमेरिकेत 'ट्वेंटी वन' या कार्यक्रमातील विजेते चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी आपल्याला उत्तरे आधी पुरविली गेल्याची कबुली 1959 मध्ये प्रतिनिधी सभेच्या समितीपुढे दिली आणि 1960 मध्ये असे संगनमत गुन्हा ठरले. ब्रिटनमध्ये 2001 च्या चित्रीकरणात सभागृहातील खोकल्याच्या खुणेने दहा लाख पौंड मिळविल्याच्या आरोपावरून लष्करातील एका मेजरला 2003 मध्ये दोषी ठरविण्यात आले.

भारतातील वाद निराळा होता. 2007 मध्ये शाहरुख खान यांच्या पर्वात घरच्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती. लघुसंदेशाने उत्तर पाठवावयाचे आणि बरोबर उत्तरांतून सोडतीने एकाला दोन लाख रुपये. संदेशाचा दर 2 रुपये 40 पैसे होता. बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांच्याच खिशातून येते, असा आक्षेप घेण्यात आला आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे पुराव्याअभावी हा आदेश रद्द केला.

'होम मिनिस्टर'

मराठी घरांत मात्र ज्या खेळाची आठवण सर्वाधिक निघते, त्यात कोटी नव्हते आणि अवघड प्रश्नही नव्हते. झी मराठीवर सप्टेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश बांदेकर प्रत्यक्ष घरी येत. दोन वहिनी सोपे खेळ खेळत, मधूनच लग्नाच्या, सासरच्या गोष्टी निघत आणि जिंकणारीला पैठणी मिळे. स्टुडिओ नाही, पायऱ्या नाहीत, गमावण्यासारखेही काही नाही. भावोजी दारात आले की चाळीतील सारे शेजारी जिन्यावर जमत. 2022 मध्ये याच कार्यक्रमाच्या 'महामिनिस्टर' पर्वासाठी तब्बल 11 लाख रुपयांची पैठणी जाहीर झाली, तेव्हा अनेक जुन्या प्रेक्षकांना आपली पहिल्या काळातील साधी पैठणीच अधिक जवळची वाटली.